खालचा डोळा

मुलांनो, आधी एक पेटी डोळ्यांसमोर आणा. काळी, चांगली जड, तुमचा शाळेचा डबा उभा धरला तर जेवढा दिसेल त्याहून थोडी मोठी. तिच्या पुढच्या अंगाला काचेचे दोन डोळे आहेत, एकाखाली एक. वरचं झाकण उघडलं की आत एक चौकोनी काच दिसते, आणि त्या काचेवर समोरचं सगळं उतरलेलं असतं: चुलीचा धूर, कोंबडी, दारात टेकवलेली सायकल. ते चित्र हलतं, पण उलटं हलतं. कोंबडी उजवीकडे गेली की काचेतली डावीकडे जाते. ही पेटी तुम्ही पोटाशी धरली आहे आणि मान खाली घालून त्या काचेत पाहत आहात. आता सांगा, समोर बसलेल्या माणसाला तुम्ही कसे दिसाल? त्याच्याकडे टक लावून पाहणारे, की त्याच्यापुढे मान लववून उभे राहिलेले?

हा प्रश्न लक्षात असू द्या. दामिनीच्या आबाजींनी जगातले बाकीचे कॅमेरे सोडून हाच कॅमेरा मागितला, तो एवढ्याचसाठी.

दामिनी सातवीत होती. तिचं घर वडशापासून चार किलोमीटरवर, तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाला लागून. आबाजी म्हणजे तिच्या बाबांचे वडील, मनसाराम. त्यांनी सारा जन्म तलावात आणि वैनगंगेत जाळं टाकण्यात घालवला होता. बाबांनी, म्हणजे धनराजनं, जाळं कधीच सोडलं होतं. वडशाला त्याचा फोटो स्टुडिओ होता. हिवाळ्यात नाटक कंपन्यांच्या पोस्टरांचे फोटो, उन्हाळ्यात लग्नं, आणि बारा महिने पासपोर्ट साईज.

आबाजी डोंग्यात, म्हणजे त्यांच्या छोट्या नावेत, बसले की गालात खर्रा असायचा. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं घोटून केलेला. चाळीस वर्षं असायचा. दोन वर्षांमागे त्यांना तिखट झोंबायला लागलं. मग तोंड कमी उघडायला लागलं, आणि शेवटी भाताचा घास दोन बोटांएवढाच आत जाऊ लागला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. डाव्या गालात लिंबाएवढी गाठ दिसायला लागली तेव्हा धनराज त्यांना नागपूरला घेऊन गेला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की जबड्याचं डाव्या बाजूचं हाड काढावं लागेल, गालाला मांडीची कातडी लावावी लागेल. जीव बहुतेक वाचेल. चेहरा मात्र हा राहणार नाही. बारा दिवसांनंतरच्या सोमवारची तारीख मिळाली.

तेव्हापासून आबाजी दुपट्टा नाकापासून हनुवटीपर्यंत गुंडाळून मागे गाठ मारत. घरात त्यांच्या गालाकडे कोणी पाहत नव्हतं. दामिनीसुद्धा पाणी द्यायला गेली की लोट्याकडे पाहायची. पूर्वी ती त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या मिशा ओढायची.

एका संध्याकाळी आबाजी धनराजला म्हणाले, "माहा एक फोटो काढ बा. हे तोंड हाये तोवर."

धनराजनं लगेच खिशातून मोबाईल काढला. आबाजींनी दुपट्ट्यावर हात ठेवला.

"त्याच्यात नोको. तुही माय त्यातच हरपली."

हे खरं होतं. दामिनीची आजी, गिरजा, तीन वर्षांपूर्वी गेली. तिचे सगळे फोटो एका मोबाईलमध्ये होते, आणि तो मोबाईल तलावात पडला. दुकानदारानं उघडून, वाळवून पाहिला, काही निघालं नाही. मग धनराजनं आजीचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. आबाजींनी तो पाहिला आणि विचारलं, ही बाई कोण. तेराव्याच्या दिवशी कोणाच्या तरी हाती वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो घरी आला. चाळीस वर्षांपूर्वीचा, मार्कंड्याच्या जत्रेतला. नवं लग्न झालेले मनसाराम आणि गिरजा. गळ्यातल्या पोतीचे मणी मोजता येतील इतका लख्ख. रामाजी मास्तरांनी तो काढला होता, आणि त्याची तीन बोटं रुंद निगेटिव्ह पत्र्याच्या डब्यात इतकी वर्षं सांभाळून ठेवली होती.

रामाजी मास्तर म्हणजे वडशाचे जुने फोटोग्राफर. धनराज लहानपणी त्यांच्याच अंधाऱ्या खोलीत रोल धुवायला शिकला. पुढे त्यानं मास्तरांच्या समोरच नवा डिजिटल स्टुडिओ थाटला, आणि दोन वर्षांत मास्तरांच्या दाराला कुलूप लागलं. तेव्हापासून धनराज रोज आपल्या स्टुडिओत येता-जाता त्या दाराकडून मान वळवून घ्यायचा. तो फोटो घरी आला तेव्हाही त्यांना भेटायला गेला नाही.

"रामाजीनं काढला तसाच काढ," आबाजी म्हणाले. "तो मान खाली घालून काढे. मानसाकडे टकमक पाहे नाई."

मास्तरांचा कॅमेरा कधीच विकला गेला होता. धनराजनं तसाच कॅमेरा मोबाईलवर शोधायला घेतला. जुन्या फोटोग्राफरांच्या एका ग्रुपवर त्याला सिरोंचाच्या राजय्या नावाच्या माणसाचा निरोप दिसला: स्टुडिओ बंद केला आहे, जपानी कॅमेरा द्यायचा आहे, तीन लेन्स आहेत. फिल्मचे दोन रोल आणि ते धुवायची रसायनं धनराजनं मुंबईहून मागवली. दिवाळीची सुट्टी होती. आई धानाच्या कापणीला जात होती. धनराज दामिनीला म्हणाला, चल माझ्याबरोबर, माझा चष्मा जुना झाला, तुझे डोळे चांगले आहेत.

ते शब्द दामिनीला नंतर फार टोचले.

वडशाहून गडचिरोली, तिथून आष्टी, आलापल्ली, आणि मग जंगलातून खाली सिरोंचा. पहाटे निघालेली माणसं दुपारी उन्हं उतरताना पोचली. राजय्याचं घर गोदावरीकडे तोंड करून होतं. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक तपकिरी रेघ होती. मागच्या एका पुराचं पाणी तिथपर्यंत चढलं होतं. राजय्या सत्तरीचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बायकोशी तेलुगूत बोले, धनराजशी मराठीत, आणि मध्येच हिंदीत घसरे. त्यानं सागवानी पेटी पुढे सरकवली आणि सरळच सांगितलं की काचा साफ आहेत की नाहीत ते त्याला दिसत नाही, तुमचं तुम्ही नीट पाहून घ्या.

लेन्स तीन होत्या, पण दोन त्यानं वरंगलच्या एका माणसाला कबूल केल्या होत्या. तुम्ही आधी आलात, तर तीनपैकी कोणती एक ती तुम्ही निवडा, म्हणाला.

प्रत्येक लेन्स म्हणजे एका पट्टीवर बसवलेले दोन डोळे. वरच्यानं पाहायचं, खालच्यानं फोटो काढायचा. राजय्यानं दामिनीला पेटी धरायला शिकवलं. मग स्वतः दारातल्या खाटेवर जाऊन बसला आणि म्हणाला, "चूडम्मा." म्हणजे, बघ पोरी.

दामिनीनं पहिली लेन्स लावली. ती आखूड होती. काचेत राजय्याबरोबर दार, खाट, अंगण, सगळं मावलं, पण तो इवलासा दिसत होता. चेहरा मोठा दिसावा म्हणून ती पुढे पुढे गेली, अगदी त्याच्या नाकापाशी. तेव्हा त्याचं नाक वांग्याएवढं झालं आणि कान मागे पळाले. तिला हसू आलं, राजय्यालाही आलं. पण हसता हसता तिच्या मनात आलं, आबाजींचा गाल हिच्यातून केवढा दिसेल.

दुसरी मधली होती. चेहरा बरा दिसत होता, पण वरची काच जरा धुरकट होती, चित्रावर सायीसारखं काहीतरी आलेलं. धनराजनं ती बाजूला ठेवली.

तिसरी लांब होती. ती लावल्यावर दामिनीला मागे सरकावं लागलं, चांगलं पाच-सहा फूट. आणि मग काचेत फक्त राजय्याचा चेहरा उरला. नाक नाकाएवढं, कान कानाएवढे. गालांवरच्या सुरकुत्या, पापण्या, सगळं शांत. दामिनी कितीतरी वेळ पाहत राहिली.

"कॅमेरा एकच राहते अम्मा," राजय्या खाटेवरून म्हणाला. "मानसापासून किती दूर उभं राहाचं, ते लेन्स सांगते."

धनराजनं विचारलं, दिसते का साफ? दामिनी म्हणाली, एकदम साफ. त्यानं वाकून एकदा स्वतः वरून पाहिलं, बटण दाबून खटका कानानं ऐकला. सकाळच्या गाडीला आजच जाऊन जागा धरून ठेवायची होती, घरी आबाजी वाट पाहत होते. सौदा झाला. परतीच्या वाटेवर ती पेटी पूर्ण रस्ताभर दामिनीच्या मांडीवर होती.

गुरुवारी आबाजींनी दाढी केली. गाठीवरून वस्तरा फिरवायला त्यांना अर्धा तास लागला. पांढरा सदरा घालून ते अंगणात पाटावर बसले. धनराजनं तिपाईवर कॅमेरा लावला आणि मान खाली घातली. मान खाली गेलेली पाहिली, तेव्हाच आबाजींनी दुपट्टा सोडला. दामिनी बाबांच्या मागे उभी होती, आणि तिनं आपले डोळे कोंबड्यांवर ठेवले होते. रोलमध्ये बारा फोटो. बाराव्याचा खटका वाजला तसा आबाजींनी दुपट्टा पुन्हा बांधला आणि म्हणाले, झालं.

शुक्रवारी धनराजनं रोल धुतला. काळ्या पिशवीत हात घालून फिल्म गुंडाळली, डबीत रसायन ओतलं, मिनिटं मोजली. इतक्या वर्षांनंतरही हातांना सगळं आठवत होतं. मग फिल्म खिडकीशी धरली. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं दिसतं आणि पांढरं ते काळं, हे दामिनीला बाबांनी सांगितलं होतं. पण इथे काळंही नव्हतं आणि पांढरंही नव्हतं. बाराही चौकोनांत आबाजी करड्या धुरात बसले होते. डोळे कुठे, मिशा कुठे, काही सुटं दिसत नव्हतं.

धनराज खुर्चीत बसला. मग म्हणाला की रसायन बिघडलं असेल, नाहीतर फिल्मच जुनी आली असेल, आता परत सगळं करायला वेळ नाही. आबाजी दुसऱ्यांदा दुपट्टा सोडणार नाहीत. दुपारी गोळी घेतल्यावर ते झोपतात, तेव्हा दुपट्टा घसरतो. तेव्हा मोबाईलनं काढून घेऊ. त्यांना कळणारही नाही.

दामिनीनं मान हलवली. नाही.

"मंग काय करू सांग," तो म्हणाला. "सोमवारी ते तोंडच नाई राहाणार."

सिरोंचाहून आल्यापासून एक गोष्ट दामिनीच्या डोक्यात घोळत होती: बाबांना रोल धुवायला ज्यांनी शिकवलं, त्यांना कोणी काही विचारलंच नाही. शनिवारी सकाळी तिनं कॅमेरा पोत्यात गुंडाळला, फिल्म वहीत ठेवली आणि सायकल वडशाच्या रस्त्याला लावली.

रामाजी मास्तर बंद स्टुडिओच्या मागच्या खोलीत राहत. ती कोणाची मुलगी हे त्यांनी विचारलं नाही. फिल्म घेतली, दाराच्या उजेडात धरली, आणि तोंडानं नुसता चक् असा आवाज केला.

"घेताना कुठून पाह्यलं?" त्यांनी विचारलं.

"वरून."

"साफ होतं?"

"एकदम साफ."

"अन् फोटो कुठून निघते?"

दामिनीनं पोतं सोडलं आणि खालच्या काचेवर बोट ठेवलं. खालून. फोटो खालच्या डोळ्यातून निघतो. हे तिला माहीत होतं. राजय्यानं सांगितलं होतं, बाबांनाही माहीत होतं. आणि खालच्या डोळ्यातून कोणीही पाहिलं नव्हतं.

मास्तरांनी तिला कॅमेऱ्याची पाठ उघडायला लावली. मग बटण दाबून धरायला सांगितलं, म्हणजे आतला पडदा उघडा राहतो. "आता मागून पाय. उजेडाकडे धर."

दामिनीनं पाहिलं. काचेच्या आत पांढरे बारीक धागे पसरले होते, उपटलेल्या धानाच्या रोपाच्या मुळांसारखे, एकातून एक फुटलेले. बुरशी. मास्तर म्हणाले, पुराच्या पाण्यात नाही तर ओलीच्या जागेत ही लेन्स उभी राहिली असेल, खालचा डोळा ओलीकडे, वरचा कोरड्यात. बुरशी दोन काचांच्या मधे शिरली होती, पुसून जाणारी नव्हती.

"मीच साफ म्हणाली होती," दामिनी म्हणाली. "मीच निवडली."

"निवडली ते बरोबरच निवडली. चेहऱ्याले हेच लेन्स पायजे." मास्तरांनी कॅमेऱ्याची पाठ मिटवली. "धनराजले पाठ उघडून पाहाचं शिकवलं होतं मी. घाईत विसरला असंल."

दामिनीनं सांगितलं की बाबा या गल्लीतून जाताना इकडे पाहत नाहीत.

"माहीत हाये. मी त्याले पाठीवरूनच वळखतो."

मग मास्तर वेताच्या बुटक्या मोड्यावर बसले आणि एखादं गणित फळ्यावर मांडावं तसं त्यांनी तिच्यापुढे मांडलं. दोन्ही डोळे एकाच साच्यातले आहेत. दोन्हींच्या काचा आटे फिरवून निघतात. वरच्याची काच खाली बसवली तर काय होईल? दामिनी म्हणाली, फोटो साफ येईल. आणि खालची वर बसवली तर? वरून धूसर दिसेल. मग नेम कसा धरणार? ते तिला सुचलं नाही. मास्तरांनी कॅमेऱ्याच्या बाजूच्या रेघा दाखवल्या. प्रत्येक लेन्ससाठी तिथे फुटांचे आकडे होते. माणूस नेमका किती फुटांवर आहे ते मोजायचं आणि आकडा लावायचा, पाहायची गरज नाही.

मास्तरांचे हात कापत होते, म्हणून काच दामिनीनंच फिरवली. पकड यावी म्हणून त्यांनी तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा दिला. पुढच्या काचा, मग मागच्या काचा. प्रत्येक वेळी ते म्हणत, हळू, सुटली असं वाटलं की थांब. तासभर लागला. शेवटी तिनं पाठ उघडून उजेडाकडे पाहिलं, तर समोरचा कडुलिंब पानापानांनी दिसला. आणि वरून पाहिलं, तर नुसतं धुकं.

ती घरी आली तेव्हा धनराज ओसरीवर बसला होता. तिनं सगळं सांगितलं. कॅमेरा हातात घेऊन त्यानं पाठ उघडली, बटण दाबून धरलं, आणि बराच वेळ मागून पाहत राहिला. मग उठून सायकल घेऊन गेला. कुठे गेला ते त्यानं सांगितलं नाही. परत आला तेव्हा त्याच्या खिशात मास्तरांचं उजेड मोजायचं जुनं यंत्र होतं.

आता आबाजींना विचारायचं राहिलं होतं. ते काम दामिनीनं स्वतःकडे घेतलं.

आबाजी मागच्या अंगणात जुनं जाळं मांडीवर घेऊन बसले होते. विणायचं काही नव्हतं, नुसते चाळत होते. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि जाळ्याकडे पाहत बोलली. फोटो खराब झाले. लेन्स मी पाहिली होती. वरून साफ होती, म्हणून मी साफ म्हटलं. आत बुरशी होती, आणि आत मी पाहिलंच नाही.

आबाजींची बोटं थांबली.

"माह्या तोंडात बी कोणी पाह्यलं नाई," ते दुपट्ट्यातून म्हणाले. "दोन साल. आरसा होता घरात. मीबी नाई पाह्यलं."

मग त्यांनी जाळं बाजूला ठेवलं आणि म्हणाले, उद्या सकाळी काढ, निघायच्या आधी. आणि तूच काढ. तुझ्या बापाचे हात घाबरतात.

रविवारी सकाळी तलावावरचं धुकं लवकर उठलं. दुपारी जीप येणार होती. ओसरीत आबाजींची पिशवी बांधून ठेवलेली होती, वर रिपोर्टांची फाईल. धनराजनं तिपाई लावली, शेवटचा रोल भरला, उजेड मोजला, आकडे दामिनीला सांगितले. मग धुतलेलं पांढरं धोतर दोन्ही हातांनी ताणून तो बाजूला उभा राहिला, त्यावरून परतून आबाजींच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून. मान मात्र त्यानं दुसरीकडे वळवली होती.

आबाजी पाटावर बसले. त्यांनी मागे हात नेऊन गाठ धरली आणि वाट पाहू लागले. दामिनीची मान खाली जायची वाट.

दामिनीनं झाकण उघडून खाली पाहिलं. पांढरं धुकं, आणि त्यात एक काळपट डाग. तो डाग आबाजी होते. मास्तरांनी मोजायला सांगितलं होतं, ते ती मोजेल. पण आबाजींचे डोळे कधी उघडे आहेत, कधी मिटले, तोंड कधी शांत आहे, कधी कळ आली, ते या धुक्यातून कसं कळणार? तिनं मान वर केली.

"आबाजी, याच्यातून दिसत नाई," ती म्हणाली. "मले तुमच्याकडेच पाहा लागन."

आबाजींचा हात गाठीवर तसाच राहिला. धोतराचा एक कोपरा हलला, मग स्थिर झाला. तलावाच्या पाळीवरून बैलांना हाकल्याचा आवाज आला आणि दूर गेला. दामिनीला वाटलं, आता ते उठतील. ते उठले नाहीत, पण गाठही सोडली नाही. त्यांचे डोळे दुपट्ट्याच्या वर तेवढे दिसत होते, आणि ते तिच्याकडे नव्हते, जमिनीकडे होते.

"किती दुरून?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सहा फूट."

"म्हंजे एक वाव."

वाव म्हणजे काय ते दामिनीला ठाऊक होतं. दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत जेवढी दोरी मावते ती एक वाव. पाण्याची खोली आणि जाळ्याची लांबी आबाजी अशीच मोजत. त्यांनी गाठीवरचा हात काढला, पाटाशेजारी पडलेली जाळ्याची बारीक दोरी घेतली, दोन्ही हात पसरून ती छातीवरून ताणली, आणि दातांनी तोडायला म्हणून तोंडाकडे नेली. तिथे त्यांचा हात अडला. धनराजनं धोतर खांद्यावर टाकलं आणि विळा पुढे केला. दोरी कापली गेली. आबाजींनी ती दामिनीपुढे धरली.

आता मुलांनो, तुम्ही तिच्या जागी उभे राहून पाहा. दोरीचं एक टोक कॅमेऱ्याशी धरायचं आहे. दुसरं टोक चेहऱ्याशी. आणि चेहऱ्यावर दुपट्टा आहे.

दामिनीनं पेटीचं झाकण बंद केलं. ती आबाजींच्या मागे गेली आणि गाठ सोडली. ते हलले नाहीत. दुपट्टा त्यांच्या मांडीवर पडला. ती समोर आली, खाली वाकली आणि दोरीचं टोक त्यांच्या डाव्या गालावर, डोळ्याच्या खाली, गाठीच्या जरा वर, टेकवलं. गाल गरम होता. तिनं आबाजींचं बोट धरून त्या टोकावर ठेवलं. मग दोरी हातातून सोडत मागे सरकली, ताण बसेपर्यंत, आणि बाबांना खुणेनं तिपाई तिथे आणायला सांगितली. बाजूच्या रेघेवर सहाचा आकडा लावला. दोरी खाली टाकली.

मग तिनं मान वर केली आणि आबाजींकडे पाहिलं. उजव्या गालाकडे, मिशांकडे, डाव्या गालाकडे. घाई केली नाही. आबाजींचे डोळे जमिनीवरून उठले, तिच्या पायांवर आले, कॅमेऱ्यावर आले, आणि शेवटी तिच्या डोळ्यांशी येऊन थांबले.

तिनं बटण दाबलं. अकरा फोटो उरले होते. तिनं हातानं चाचपून कॅमेऱ्याची मूठ फिरवली, रोल पुढे सरकवला, आणि डोळे आबाजींच्या चेहऱ्यावरच ठेवून बोट पुन्हा बटणावर नेलं.